रावसाहेबांच्या डोक्यावरचा कावळा

पुतळ्याखाली चार ओळी लिहायच्या, त्यात काय एवढं! "अर्ध्या तासात देते," मी बाबांना म्हणाले. "तुमचा चहा संपायच्या आत पाटीचा मजकूर तयार!"

रविवार होता. बाबा ओटीवर वाल सोलत बसले होते, आई आत भाकऱ्या थापत होती, आणि मी मांडीवर कोरा कागद घेऊन बसले होते. मी पनवेलला राहते, तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे; रविवारी तेवढी गावी येते. निम्मं आयुष्य जाडजूड पुस्तकांत गेलंय. चार ओळींना भिण्याचं मला काही कारण दिसत नव्हतं.

चहा संपला. जेवण झालं. दुपारची झोप बुडाली. आणि कागदावर 'रावसाहेब' एवढा एकच शब्द उरला. तोही बाबांना पसंत नव्हता!

आधी पुतळ्याचं सांगते. आमचं गाव धाकटी खार, खाडीच्या तोंडाशी. जेट्टीकडे रस्ता वळतो त्या नाक्यावर रावसाहेब भिकाजी धारणे उभे आहेत. पुतळा ज्या कारागिराने केला त्याने जन्मभर गणपतीच केले होते. त्यामुळे रावसाहेबांचे डोळे मोठे आणि मायाळू आहेत, बोटं गुबगुबीत आहेत आणि उजवा हात आशीर्वादाचा आहे, कारण कारागिराला हात तेवढाच येत होता. डोक्यावर पागोटं आहे म्हणून बरं, नाहीतर फक्त सोंडच राहिली होती! श्रीवर्धन, हरिहरेश्वरला निघालेले पर्यटक वाट चुकून आमच्या गावात शिरतात आणि गाडीची काच खाली करून त्यांना हात जोडतात. एकदा एका बाईने खाली उतरून जास्वंदीचं फूल वाहिलं. नेमके बाबा तिथे होते.

"कोणाला फूल वाहिलंस, बाय, माहीत हाय का तुला?" ते जे सुरू झाले, ती बाई चप्पल तिथेच टाकून गाडीत बसली. ती चप्पल कितीतरी दिवस रावसाहेबांच्या पायाशी होती. तिलाही कोणी हळद-कुंकू लावून गेलं!

बाबांचा राग का, तर रावसाहेबांनी दोन गोष्टी केल्या. स्वातंत्र्याच्या आधी त्यांनी खाडीला बांध घातला. त्या बांधामुळे समुद्र अडला, जमीन सुटली, भात पिकलं, गाव वसलं. बांधाला एक उघाडी असते. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी सोडायचं आणि भरतीला बंद करायचं. पुढे काही घरांनी बांधावर फुकट राबायला नकार दिला. तेव्हा पुनवेच्या उधाणाला, भर भरतीत, रावसाहेबांनी ती उघाडी उघडायला लावली. समुद्र आत आला आणि त्या घरांची पिकं कुजली. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन पुढची काही वर्षं दाणा देत नाही. त्या घरांत बाबांच्या आज्याचं घर होतं.

पुतळ्याखाली लिहिलं आहे 'दानशूर'. बस, एवढंच.

बाबांना पुतळा पाडायचा नव्हता, हे आधीच सांगते, कारण गावात निम्म्या लोकांचा तोच समज होता. "पाडला तर लोक इसरतील त्यानं काय केलं ते," ते म्हणायचे. "उभा राहू दे. पन खाली लिवा. दोन्ही लिवा." बांध लिहायचा का, असं विचारलं तर चिडायचे. "लिवायचाच! बांध नसता तर इथं तू न मी न्हाय, खेकडे असते!"

ही मागणी त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत केली. गावात त्यांचं नाव पाटीवाला बाळाजी पडलं. चुलतभावाच्या हळदीत बँजो थांबवून त्यांनी उघाडीचा इतिहास सांगितला, नवरदेव पिवळाच्या पिवळा ताटकळत उभा! आईचं पोटाचं ऑपरेशन अलिबागला होतं त्या दिवशीही हे ग्रामसभेत होते. रात्री दवाखान्यात पोचले तेव्हा आई नुकती शुद्धीवर आली होती.

"झाला का ठराव?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मंग कशाला आलात?"

आणि आता अचानक ठराव झाला होता! न्यायबुद्धी वगैरे जागी झाली नव्हती. आमचा तरुण सरपंच विनेश याला गाव पर्यटनाच्या योजनेत बसवायचं होतं, आणि योजनेत प्रत्येक स्थळाला माहितीफलक लागतो. गावात स्थळ म्हणावं असं एकच, रावसाहेब. बाबांना कारणाशी देणंघेणं नव्हतं. ते सकाळपासून गुणगुणत होते.

तर मी पहिला मसुदा वाचून दाखवला. "तत्कालीन सरंजामी अर्थव्यवस्थेच्या संदर्भात पाहता रावसाहेबांचे कार्य बहुआयामी ठरते."

"बहु काय?"

"बहुआयामी."

"ही पाटी हाय का परीक्षेचा पेपर? बोंबील इकून घरी चाललेली बाई उभी राहील का वाचायला? तिच्या डोक्यावर टोपली हाय, बाय!"

"बरं, तुम्ही सांगा. मी लिहिते."

बाबांनी सांगायला सुरुवात केली. पहिलं पान रावसाहेबांवर गेलं. दुसऱ्या पानावर त्यांचा नातू धनेश आला, ज्याने किनाऱ्यावर 'रावसाहेब कॉटेजेस' काढली आहेत. तिसऱ्या पानावर रावसाहेब पार मागे पडले आणि विनेशने अर्धवट सोडलेलं गटार सुरू झालं!

"बाबा, ही पुतळ्याची पाटी आहे."

"मंग गटार कुठं लिवायचं?"

आतून आई म्हणाली, "त्याच्यात हेबी लिवा, बाळाजी घरताच्या बायकोनं आख्खा जनम ह्याच पुतल्याचं ऐकत भाकऱ्या भाजल्या. त्यो बी इतिहासच हाय!"

मग क्रमावरून जुंपली. मी म्हटलं, बांध आधी. बाबा म्हणाले, उघाडी आधी.

"आधी बांध घातला, मग उघाडी उघडली. घडलं तसं लिहायचं," मी म्हणाले.

"लोक पहिली ओळ वाचून पुढं जातात, बाय."

"मग शेवटची ओळ कोण वाचतं?"

बाबांनी हातातला वाल सोलून वाडग्यात टाकला. "ज्याचं शेत बुडालं तो," ते म्हणाले.

संध्याकाळ झाली होती. मी कागद घडी करून फळीवर ठेवला.

नाक्यापर्यंत बाबा पोचवायला आले. सोललेल्या वालांची पिशवी त्यांच्या हातात. दर रविवारी ते येत आणि विक्रम रिक्षा दिसली की दर रविवारी तेच एक वाक्य म्हणत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, माझ्याकडे न बघता. "आता चार दिस करमायचं न्हाय बघ." आणि मी दर रविवारी म्हणत असे, "फोन करते." आमच्या घरात याहून जास्त कोणी बोलत नाही. बाबा बोलायचे, पण ते उघाडीबद्दल.

त्या दिवशी ते वाक्य म्हणून झाल्यावर त्यांनी आणखी एक जोडलं. "आज ऱ्हातेस का? पाटी पुरी करू."

"बघू. पुढच्या रविवारी."

विक्रम वळली तेव्हा मी मागे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. कमरेवर हात ठेवून रावसाहेबांकडे बघत होते, 'आता कसा सापडलास' अशा थाटात.

बुधवारी सकाळी बाबा ओटीवर खुर्चीत बसले ते उठले नाहीत. आईला वाटलं, रुसले. आदल्या रात्री वालांच्या बिरड्याला मीठ कमी पडलं म्हणून दोघांचं वाजलं होतं. ती आतून बराच वेळ त्यांच्याशी भांडत राहिली. मिठाचा टेम्पो चालवण्यात जन्म गेलेल्या माणसाला मीठ कमी पडलेलं कळणारच, हे तिने कबूलही केलं. उत्तर आलं नाही तेव्हा चहा घेऊन बाहेर आली.

मला फोन आला तेव्हा मी पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. हातातल्या पुस्तकावरचा पूर्ण करूनच उठले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. 'थोर समाजसेवक, इतिहासप्रेमी, गावाचे भूषण कै. बाळाजी घरत यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' शोकाकुल म्हणून खाली विनेशचा फोटो, हात जोडलेला, बाबांच्या फोटोपेक्षा मोठा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, विनेशच गेला! बाबांना कोणीतरी संगणकावर गोरं केलं होतं, कोट घातला होता आणि गालावरचा तीळ काढून टाकला होता.

आईने फ्लेक्ससमोर उभं राहून बराच वेळ निरखून पाहिलं. मग मला विचारलं, "ह्यो कोन?"

त्या दिवसापासून लोक येऊन बसत आणि बोलत. बाळाजीशेठ म्हणजे किती शांत! (बाबा?) बाळाजीशेठना कधी कोणावर रागावलेलं पाहिलं नाही! (ती चप्पल?) ज्यांनी त्यांना सभेतून हाताला धरून बाहेर काढलं होतं ते सांगत होते की, सभेला त्यांच्याशिवाय शोभा नव्हती. मी पाणी आणून देत होते आणि ऐकत होते. बाबा रोज थोडे थोडे गुळगुळीत होत चालले होते. रात्री मी फळीवरून तो कागद काढायची, 'रावसाहेब' हा शब्द वाचायची आणि परत ठेवायची.

मग दहावा आला.

आमच्याकडे दहाव्याचे विधी खाडीच्या काठावर होतात, आणि ती जागा रावसाहेबांच्या पायथ्याशीच आहे. धाकटा भाऊ म्हणून सदाकाका विधीला बसला होता, डोक्याचा तुळतुळीत गोटा करून. बायकांनी लांब बसायचं असतं. आई पुढे येऊन बसली. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही. मग मीही तिच्या शेजारी बसले.

पिंड ठेवला. सगळे मागे सरले. आता कावळा यायचा.

आमच्या गावात कावळ्यांना तोटा नाही. सुकत घातलेल्या बोंबलांवर त्यांची शाळा भरते. हातातला वडा तोंडात जायच्या आत पळवणारे कावळे आहेत आमच्याकडे! आणि त्या दिवशी एकही येईना. नाही म्हणायला एक होता. तो रावसाहेबांच्या पागोट्यावर बसून खालचा सगळा प्रकार बघत होता.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढच्या गावात दुसरा दहावा होता. "बोला, ज्याला जे सुचेल ते बोला."

सदाकाकाने हात जोडले. "दादूस, वहिनीची काळजी करू नको. मी हाय."

"तू?" आई म्हणाली. "तुझ्या घरचा गॅस पन मी येऊन लावतंय!"

कावळा हलला नाही. त्यालाही पटलं नसावं.

शेजारच्या सखुबाईने घरी धावत जाऊन तळलेला बोंबील आणला आणि पिंडाशेजारी ठेवला. "बाळाजीला लय आवडायचा." गुरुजींनी डोळे मिटून घेतले. कावळा आला नाही, मांजर आलं! सदाकाका मांजरामागे, मांजर बोंबील घेऊन होडीखाली, असा थोडा वेळ गेला.

"अरे, पाटी!" मागून कोणीतरी ओरडलं. "पाटी राहिली त्याची!"

सगळ्यांना एकदम आठवलं. विनेश पुढे झाला, खिशातला मोबाइल बंद केला आणि कावळ्याकडे बघून म्हणाला, "काका, टेन्शन नाय लेने का! पाटी फिक्स! ठराव झालाय ना आपला!"

कावळ्याने पंख खाजवला.

"बघा, त्यांना पाटी नकोच होती!" धनेश म्हणाला. माणूस वाईट नाही. बाबा गेले त्या दिवशी पहिलं जेवण त्याच्याच घरून आलं होतं. पण कॉटेजेसच्या दारात आजोबांची उघाडी लिहून ठेवायची म्हटल्यावर त्याची झोप उडाली होती. तो पुढे येऊन म्हणाला, "काका, तुमच्या मनातलं मला कळलं. पाटीचं राहू दे. त्याऐवजी मी आजोबांच्या पुतळ्यावर छत्री बांधतो."

कावळ्याने एक पाय उचलून दुसऱ्यावर भार दिला.

"हलला! हलला!"

"पाय बदलला फक्त!" विनेश ओरडला. "काका, काळा ग्रॅनाइट! पाटी काळ्या ग्रॅनाइटची!"

"छत्रीला कळस!" धनेश म्हणाला.

"सोनेरी अक्षरं!"

"कळसाला लायटिंग!"

किनाऱ्यावर लिलाव लागला. मासळीच्या लिलावात माणसं निदान माशाकडे बघून बोलतात. इथे शंभर माणसं एका कावळ्याकडे बघत होती आणि कावळा समुद्राकडे. पिंडाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तांदळाचा तो एवढासा गोळा वाऱ्यात सुकत चालला होता, आणि मी त्याच्यावरून नजर काढू शकत नव्हते.

धनेशची बोली संपेना तेव्हा विनेशने हुकमाचं पान काढलं. तो वाळूत गुडघ्यावर बसला. "काका! तुमचाच पुतळा बसवतो! इथंच, रावसाहेबांच्या बाजूला! सेम टू सेम!"

आणि कावळा उडाला! पागोट्यावरून उडाला आणि रावसाहेबांच्या आशीर्वादाच्या हातावर येऊन बसला.

टाळ्या! दहाव्याला मी टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या. "पसंत पडलं! दादूसला पुतळा पाहिजे होता!" सदाकाका रडायला लागला. लगेच चर्चा सुरू झाली. उभा की बसलेला? उभाच. कोट घालायचा, फ्लेक्सवरच्यासारखा. आजोबांपेक्षा उंच नको, धनेशने अट घातली. कारागीर कोण? तोच, दुसरा कोण! म्हणजे मोठे मायाळू डोळे. गुबगुबीत बोटं. उजवा हात आशीर्वादाचा. "आनि खाली काय लिवायचं?" कोणीतरी विचारलं. "थोर समाजसेवक," विनेश म्हणाला. "बस, एवढंच."

बस, एवढंच!

"आता शिवला की पक्कं," गुरुजींनी घड्याळ बघत निकाल दिला. "कावळा शिवला की शब्द पाळावाच लागतो."

कावळा हातावरून खाली चौथऱ्यावर आला. सगळे श्वास रोखून बसले. चौथऱ्यावरून वाळूत उतरला. दोन उड्या मारल्या. मान तिरकी करून पिंडाकडे पाहिलं.

त्या शंभर माणसांत, तो येऊ नये म्हणून देवाला विनवणारी मी एकटीच होते. माझ्या डोळ्यांसमोर बाबा होते, सिमेंटचे, गोरे, तीळ नसलेले, रावसाहेबांना जोडीला जोड. कोणीतरी बाई गाडीतून उतरून त्यांना जास्वंदीचं फूल वाहत होती. आणि तिच्यावर ओरडायला बाबा तिथे नव्हते.

कावळ्याने आणखी एक उडी मारली.

"हाड्!" मी ओरडले. "हाड् हाड्!" आणि हाताला लागली ती चप्पल भिरकावली.

कावळा उडून पागोट्यावर जाऊन बसला. चप्पल गुरुजींच्या तांब्याला लागली. तांब्या घरंगळत पाण्यात गेला.

एवढी शांतता मी आमच्या वाचनालयातही पाहिलेली नाही. सख्ख्या मुलीने बापाच्या पिंडावरून कावळा हाकलला, असं धाकट्या खारेत यापूर्वी घडलं नसावं. वाचनालयात मोठ्याने बोलणाऱ्यांना मी बोट ओठावर ठेवून गप्प करते. इतकी वर्षं माझा आवाज गावाने ऐकलाच नव्हता.

"अगं बाय..." आईने माझा हात धरला.

"आता काही तो येत नाही," गुरुजी तांब्या शोधत म्हणाले. "दर्भाचा कावळा करू आणि शिववू. शास्त्रात सोय आहे."

"दर्भाचा चालेल ना?" विनेशने विचारलं. "म्हणजे पुतळा पक्का धरायचा ना?"

"नाही!" मी म्हणाले. मी उभी होते. कधी उठले, आठवत नाही.

"मंग तूच सांग," सदाकाका रडत म्हणाला. "तूच हाकललास, तूच बोलव. काय पाहिजे होतं माझ्या दादूसला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिंडाकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हणाले. आवाज भलताच निघाला. "तुमचा पुतळा होणार नाही. मी होऊ देणार नाही. तुम्ही थोर वगैरे नव्हतात. तुम्ही हट्टी होतात. शांत तर तुम्ही झोपेतही नव्हतात. आई ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि तुम्ही ग्रामसभेत होतात. हळदीत तुम्ही बँजो थांबवलात. माझ्या प्रत्येक रविवारी तुम्ही मला त्या उघाडीचं सांगितलंत, आणि मी कशी आहे हे एकदाही विचारलं नाहीत. मला राग आहे त्याचा."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मला थांबता येईना.

"आणि लहानपणी तुम्ही मला टेम्पोत शेजारी बसवून पनवेलपर्यंत नेत होतात. वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लावत होतात. दुकानाची, दवाखान्याची, 'हॉर्न द्या'ची. चुकलं की टेम्पो मागे घेत होतात. मागून ट्रकवाले शिव्या देत होते, तरी मागे घेत होतात! मी जे काही वाचलं ते त्या टेम्पोतून सुरू झालं. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. तुमच्याखाली लिहायचं तर दोन्ही लिहावं लागेल, आणि दोन्ही मावेल एवढा दगड यांच्याकडे नाही. म्हणून पुतळा नाही!"

दम लागून मी थांबले. तेवढ्यात काळं काहीतरी माझ्या कानाजवळून सरकन गेलं.

कावळा पिंडावर होता. शिवणं वगैरे नाही, चांगला पाय रोवून जेवत होता! मागून त्याचे भाऊबंद आले. बघता बघता पान साफ झालं.

"घ्या!" सदाकाका डोळे पुसत म्हणाला. "दादूसला शिव्या खायच्या राहिल्या होत्या!"

"मी इतकी वर्सं देत होते, त्या पुरल्या न्हाईत काय?" आई म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पदर तोंडाला लावून रडली.

लोक भराभर उठले. जेवणं खोळंबली होती. विनेश माझ्यापाशी घुटमळला. "ताई, मग पाटीवर फायनल काय?"

"'यांनी गावाला बांध घातला. नकार देणाऱ्यांच्या शेतांत समुद्र सोडायला यांनीच उघाडी उघडली.' एवढंच."

धनेश जवळच उभा होता. त्याने ओठ हलवून दोन्ही ओळी मनात म्हणून पाहिल्या. "बांध आधी आहे ना?"

"आधी आहे."

"मग चालेल," तो सुटकेने म्हणाला. "शेवटची ओळ तशी कोण वाचतंय!"

"वाचतात," मी म्हणाले.

सगळे गेले. आईला सखुबाईने घरी नेलं. मी माझी चप्पल शोधत मागे राहिले. ती रावसाहेबांच्या चौथऱ्यापाशी पडली होती. तिथून ती वेळीच उचलली, नाहीतर संध्याकाळपर्यंत तिलाही हळद-कुंकू लागलं असतं. वर पागोट्यावर कावळा पोट भरून परत येऊन बसला होता, आणि कावळे पुतळ्यांवर जे करतात ते त्याने केलं. बाबांनी पाहिलं असतं तर दोन दिवस खुशीत राहिले असते.

नाक्यावर विक्रम उभी होती. पोचवायला कोणी नव्हतं. मी पिंडाच्या मोकळ्या पानाकडे वळले. आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी बघून घेतलं. आणि मग, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणाले,

"बाबा, मला पण करमत नाही."